मीठ, कोळसा आणि तांब्याचा पत्रा

पैज लावतो, ही गोष्ट तुम्ही मानणार नाही. मानलीत तर ह्या वयात मिशी उतरवीन आणि धारवाडच्या सप्तापूर बसस्टॉपवर तसाच उभा राहीन.

असं मी म्हणालो तेव्हा आमच्या व्हरांड्यात चौघं होतो. एक मी, शेषगिरी. जळकी गोदामं आणि उलटलेले ट्रक बघून विमा कंपनीला अहवाल देण्यात ज्याचा जन्म गेला असा म्हातारा. दोन माझे भाडेकरू, श्रीनिधी आणि स्नेहा, दोघंही विद्यापीठात शिकणारे. चौथी स्नेहाची मैत्रीण अनिता, पुस्तक परत द्यायला आली आणि पावसात अडकली. मे संपत आलेला, संध्याकाळ, दिवे गेलेले, आणि कॅम्पसच्या बाजूनं आभाळ नुसतं तडकत होतं.

"काका, मागच्या खेपेला तुम्ही हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हातगाडीवरून हत्ती नेलेला सांगितलात," श्रीनिधी म्हणाला.

"पिल्लू होतं ते. आजची गोष्ट मोठी आहे. आणि खरी आहे, हीच तिची अडचण." मी अनिताकडे वळलो. "तुझं गाव कुठलं गं?"

"अळणावरकडचं."

"मग रस्ता तुझ्या पायाखालचा. चुकलो तर सांग."

तिनं मान हलवली. हसली मात्र नाही.

तर, गेल्या वर्षीचा उन्हाळा. अळणावरच्या पुढं, रानाच्या कडेला जांभळीकोप्प. गावाबाहेर उघडाबोडका माळ, आणि माळावर एका संस्थेनं नव्यानं बांधून दिलेली दुमजली शाळा, छपरावर एक लोखंडी भाला. त्या दिवशी शाळेला सुट्टी, पण मैदानात इतकी माणसं की मुंगीला वाट काढायची तर तिकीट काढावं लागलं असतं. पोरं कुंपणाच्या भिंतीवर, बायका पायऱ्यांवर, पंचायतीचे लोक खुर्च्यांवर आणि मधोमध सिडिलज्जा.

कानडीत सिडिलु म्हणजे कोसळणारी वीज. हे त्या विजेचे अज्जा. अंगावर पिवळाधमक कद, गळ्यात काळ्या मण्यांची माळ, तळहातावर एक लिंबू आणि आवाज असा, की लाउडस्पीकरवाल्यानं आपला धंदा आवरावा.

"वीज म्हणजे कोण?" अज्जा गरजले. "माझी सख्खी मावशी! ये म्हटलं की येते, जा म्हटलं की जाते. वर आभाळात प्लस, खाली पाताळात मायनस आणि मधे कोण?"

"अज्जा!" गाव ओरडलं.

"शास्त्रवाल्यांना प्लस ठाऊक, मायनस ठाऊक. अज्जा ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या घरी लाइटचं बिल येतं!"

टाळ्या. अज्जांच्या घरी बिल येत नव्हतं की भरत नव्हते, हे कुणी विचारलं नाही. पायात मात्र त्यांनी पांढरे रबरी बूट घातले होते.

"रबरी बूट?" स्नेहा म्हणाली.

"मावशी असली म्हणून काय झालं? स्वभावाची खात्री कुणी द्यावी?"

मग अज्जांनी डोळे मिटले आणि लिंबू पुढं धरून चालू लागले. गाव मागून. शाळेच्या भिंतीला धरून ते कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं करपलेलं एक जास्वंदीचं झुडूप होतं. लिंबू थरथरलं. काहींनी मला सांगितलं की ते हवेत उडालं.

"उडालं?"

"एकजण म्हणाला पडलं. पण त्याचं कोण ऐकतं?"

"हितं खणा," अज्जा म्हणाले.

टिकाव पडला. हातभर मातीखाली सिमेंटचं झाकण निघालं. झाकण सरकवलं आणि पुढची रांग मागच्या रांगेवर कोसळली. आत काळा कोळसा. त्यावर पांढरं मीठ. पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. खाली तांब्याचा चौकोनी पत्रा, उभा गाडलेला.

मीठ, कोळसा, तांबं. तुम्हाला मला ह्यात किराणा आणि भांडी दिसतील. पण तिथल्या कुठल्याही बाईला विचारा, मीठ उतरून टाकायचं असतं, कोळसा मसणातला असतो आणि तांब्यावर मंत्र कोरतात. गावानं एका तोंडानं श्वास घेतला आणि एका तोंडानं सोडला: "करणी!"

अज्जा तेवढ्यावर थांबले नाहीत. डोळे मिटलेलेच, शाळेला वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्यावर गेले. "हितं दुसरी." खणलं. तशीच करपलेली जास्वंद, तसंच झाकण, तसाच कोळसा, तसंच मीठ. ह्यावेळी खुर्चीवरचे पंचायतवालेही उभे राहिले.

आता अज्जांना बोलावलं कुणी, तेही ऐका. तुकाराम नावाचा शेतकरी. खाऊनपिऊन बरा, अबोल माणूस. त्याचे दोन बैल महिन्यापूर्वीच्या वळवात चिंचेखाली उभ्या उभ्या गेले. अंगावर ओरखडा नाही. बैलांना त्यानं पोरांसारखं वाढवलेलं. त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: इतक्या वर्षांत गावात वीज पडली नाही, आणि शाळेच्या छपरावर तो लोखंडी भाला आल्यावरच कशी पडली? त्या दिवशी म्हणे शेजारच्या शांताबाईच्या चुलीवरचं दूध आपोआप उकळलं.

"काका!"

"बरं, कोमट झालं."

अज्जांनी तुकारामाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या बैलांनी गावाचं मरण आपल्या अंगावर घेतलं रे. ज्यानं हे पुरलं त्याला गावातल्या लेकरांचा बळी पाहिजे होता." तुकाराम ढसाढसा रडला. महिनाभरात त्याच्या दुःखाला पहिल्यांदा कुणी एवढं मोठं म्हटलं होतं.

"ह्या झाडाला पाणी कोण घालतं?" अज्जांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. पायऱ्यांच्या टोकाला वेणूबाई उभी होती. शाळेची आया. विधवा, एकटी, साठीच्या पुढची. उन्हाळाभर, शाळेला सुट्टी असली तरी, ती एक एक घागर आणून दोन्ही कोपऱ्यांत ओतायची. सगळ्या गावानं ते बघितलं होतं आणि म्हातारीला झाडांची माया म्हणून सोडून दिलं होतं.

"रोज पाणी घालते, आणि झाड तरी करपतंय?" अज्जांचा आवाज आता हळू झाला. हळू आवाज जास्त लांब जातो. "मग पाणी कुणाला पाजती ही?"

वेणूबाई म्हणाली, "इंजिनेर अक्कांनी सांगितलंय म्हणून घालते की. माती वाळू द्यायची न्हाई म्हणाल्या."

"कुठली अक्का? काय नाव? ह्या गावची हाय का?"

खरं बोलताना माणूस किती खोटा दिसतो, हे मी नोकरीत शेकडो वेळा बघितलं आहे. ज्याचं गोदाम खरोखर जळलेलं असतं तो त त प प करतो. वेणूबाईनं तेच केलं.

निवाडा तिथल्या तिथं झाला. छपरावरच्या भाल्यापासून दोन्ही भिंतींवरून खाली उतरलेल्या तांब्याच्या पट्ट्या म्हणजे करणीच्या नाड्या. त्या उपटल्या, गुंडाळल्या आणि विसर्जनासाठी अज्जांच्या जीपमध्ये गेल्या. पत्रेही गेले. भाला राहिला, कारण लांबून तो त्रिशुळासारखा दिसतो. शिडी लावून त्याला कुंकू लावलं. आणि वेणूबाई? अमावास्येला खड्ड्यातलं मीठ नि कोळसा घागरभर पाण्यात कालवून तिला पाजायचं. पचलं तर निर्दोष. ओकली तर करणी तिची. तोवर तिनं सार्वजनिक नळाला हात लावायचा नाही.

ते मीठ-पाणी कुणाला पचेल, सांगा. घोडाही ओकेल.

तर ती इंजिनेर अक्का म्हणजे माझी भाची मेधा. तिचं काम इमारतींना विजेपासून वाचवायचं. इमारत किती उंच, आजूबाजूला तिच्यापेक्षा उंच काय, आत माणसं किती, त्यांत लेकरं किती, त्या भागात वर्षाकाठी किती गडगडतं, हे सगळं मांडून ती आधी धोका ठरवते आणि मग भाला कुठं, पट्टी कुठून, खड्डा कुठं ते आखते. माळावर एकटी उभी, शंभरावर पोरांची शाळा, म्हणून त्या संस्थेनं तिला बोलावलं होतं. काम करणाऱ्या ठेकेदारानं खड्डे जुन्या पद्धतीनं भरले, मीठ-कोळसा घालून, वर पाणी ओतायला नळीचं तोंड ठेवून. शोभा म्हणून त्या तोंडाशी कुणीतरी जास्वंद लावली. मिठाच्या पाण्यावर जास्वंद किती दिवस जगणार?

वेणूबाईचा फोन आला तेव्हा मेधा जेवत होती. "अक्का, पाणी घालायचं तुम्हीच सांगितलं होतं का न्हाई? एवढं सांगून जावा," एवढंच ती म्हणाली.

मेधानं ताट सरकवलं. "मामा, गाडी काढा."

आम्ही जांभळीकोप्पला पोचलो तो अमावास्येचा आदला दिवस. वेणूबाईच्या दाराला कुणीतरी चपलांचा हार लावून ठेवला होता. ती आत बसून होती. ओढ्याचं गढूळ पाणी फडक्यातून गाळत होती. मेधा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा मेधाचा चेहरा मी ओळखला नाही.

पारावर अज्जा हजरच. गाव गोळा व्हायला वेळ लागला नाही. मेधानं नमस्कारही केला नाही.

"ते उद्याचं पाणी आजच कालवा," ती म्हणाली. "आधी मी पिते. मग हे अज्जा पितील. मी निर्दोष नाही, कारण खड्डा मीच काढायला सांगितला. अज्जा तर पुण्यवान. त्यांना पचेलच."

गावाला ही कल्पना आवडली. तमाशा कुणाला नको असतो? शांताबाईनं तर तांब्याही पुढं केला.

अज्जांनी डोळे मिटले. "आज माझा निर्जळी उपास."

"उद्या प्या."

"उद्या मौन."

कुणीतरी खुसकन हसलं. मला वाटलं, झालं, बाजी मारली. पण अज्जा कच्चे नव्हते. "पोरी," ते म्हणाले, "तू शिकलेली. मग सांग, त्या खड्ड्यांचा पत्ता मला कसा लागला? मी तर शाळा बांधताना आलो नव्हतो."

"तुम्हाला लिंबानं नाही, पट्टीनं पत्ता दिला. भिंतीवरून पट्टी जिथं जमिनीत शिरते तिथं खड्डा असतोच. मलाही येतं ते. लिंबूसुद्धा नको." तिनं बोट दाखवलं. पंचायतीमागं मोबाइलचा टॉवर होता. "चला, तिथं तिसरी करणी काढून दाखवते."

गाव टॉवरपाशी गेलं. पाण्याची नळी जिथं वर आली होती तिथलं झाकण मेधानं पायानं दाखवलं. उघडलं. कोळसा. मीठ.

आणि अज्जांनी दोन्ही हात आभाळाकडं नेले. "बघा! बघा कुठवर पसरलीय ही वेणूबाई!"

"व्हय की," कुणीतरी म्हणालं. "टॉवरला पण केलीय."

मी माझ्या नोकरीत खूप थापाडे बघितले, मी स्वतः त्यांच्यात बसण्याजोगा आहे, पण हरलेला डाव असा जिंकताना मी कुणाला बघितलं नव्हतं. मेधा मात्र शांतपणे तुकारामाकडे गेली.

"अण्णा, तुमचे बैल कुठं होते?"

"चिंचेखाली. बांधलेले."

"वीज उंच झाड बघून चिंचेवर आली, खोडातून मुळांत गेली आणि जमिनीत सगळीकडे पसरली. बैलाचे पुढचे पाय आणि मागचे पाय लांब लांब. ती एका बाजूच्या पायांतून चढली, छातीतून गेली, दुसऱ्या बाजूनं उतरली. म्हणून ओरखडा नाही. शाळा तिथून अर्धा कोस लांब. शाळेच्या भाल्याला हे जमणारच नाही. भाला वीज बोलावत नाही, अण्णा. ती यायची तेव्हा येतेच, आणि माळावर सगळ्यात उंच जे असेल त्यावर येते. भाला, पट्टी आणि खड्डा मिळून तिला एवढंच सांगतात, की बाई, इकडून जा. लेकरांच्या अंगावरून नको."

तुकारामानं मान वळवून चिंचेच्या दिशेला बघितलं.

"माझं मानू नका. टेम्पो काढा. रायापूरला अज्जांचं भवन आहे ना? मी रोज हुबळीला जाताना बघते. त्याच्या घुमटावर भाला आहे, भिंतीवर पट्ट्या आहेत. पट्टी जिथं जमिनीत जाते तिथं तुम्ही स्वतः झाकण उघडा."

अज्जा एकाएकी ध्यानाला बसले. टेम्पोत तुकाराम आणि गावचे पाचसहाजण चढले, आमची गाडी पुढं, आणि वरात धारवाडवरून रायापूरला.

सिडिल भवन म्हणजे काय सांगू! तीन मजले, निळ्या काचा, आणि दाराशी अज्जांचा एवढा मोठा फोटो, की हातातली वीज बघून ट्रकवाले ब्रेक मारायचे. आत नागेश नावाचा शिष्य होता. त्याला वाटलं भक्त आले, म्हणून त्यानं प्रसादाचं ताट आणलं. तुकाराम त्याच्या बाजूनं सरळ मागं गेला. पट्टी बघितली, ती कुठं जमिनीत गेली बघितलं, आणि वाकून झाकणाला हात घातला.

"ए, ए! हात नको लावू री!" नागेश ताट टाकून धावला. "अर्थिंग हाय ते! पावसाळ्याचं तोंड आलंय, अर्थिंग हललं तर अख्खी इमारत जाईल!"

पुन्हा सांगतो, हे मेधा बोलली नाही. मी बोललो नाही. अज्जांच्या शिष्यानं, प्रसादाचे लाडू तुडवत, स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

झाकण निघालं. कोळसा, मीठ, तांब्याचा पत्रा.

तुकारामानं खड्ड्यातलं मीठ चिमटीत घेतलं. मग म्हणाला, "हितं अर्थिंग. आणि आमच्या शाळंत करणी?"

मागच्या पत्र्याच्या खोलीला नुसती कडी होती. ती कुणीतरी काढली. आत जांभळीकोप्पच्या शाळेच्या पट्ट्या होत्या, आणि त्यांच्यासारखी आणखी वेटोळी, कुठल्या कुठल्या गावांची, भिंतीला नीट टेकवलेली. विसर्जन व्हायचं होतं त्यांचं. दुर्गदबैलात, मोडीच्या दुकानात.

"म्हणजे तो सगळीकडे हेच करत होता?" स्नेहानं विचारलं.

"सगळीकडे हेच. ज्या इमारतीला पट्टी दिसेल तिथं करणी निघायची, ज्या घराला पट्टी नाही तिथं अज्जांना काही दिसत नसे. एवढा सरळ चमत्कार मी दुसरा बघितला नाही. आहे तो खड्डा दाखवायचा, आहे ते भय फुंकायचं आणि आहे ते तांबं न्यायचं. फक्त जाताना अज्जा लोकांच्या डोक्यावरचं छत्र काढून नेत आणि त्याबद्दल लोक त्यांच्या पाया पडत."

"पुढं काय झालं?"

पुढं काय व्हायचं? मी आवाज चढवला. टेम्पो गावात परतला. तुकाराम पारावर चढला आणि त्यानं गावाला सगळं सांगितलं. अज्जा बूट तिथंच टाकून रानाच्या वाटेनं जे पळाले, ते म्हणे अजून पळतायत. सगळं गाव वेणूबाईच्या दारी गेलं. शांताबाईनं तिला लुगडं दिलं. तुकारामानं स्वतः नळाची पहिली घागर भरून तिच्या उंबऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या भिंतीवर परत चढल्या, आणि त्याच आठवड्यात शाळेवर वीज पडली. पट्टीतून सळसळत जमिनीत गेली, शाळेचा खडूसुद्धा तुटला नाही. तेव्हापासून जांभळीकोप्पला कुणी काही चमत्कार सांगायला लागला, की लोक आधी विचारतात, झाकण उघडून बघितलं का?

श्रीनिधीनं टाळ्या वाजवल्या. "काका, ही मात्र मानली हं. मिशी काढा!"

"खोटं," अनिता म्हणाली.

बाहेर पाऊस चालूच होता. तिनं आवाज चढवला नव्हता, तरी श्रीनिधीचे हात टाळीतच थांबले.

"लिंबू उडालं तेवढं खोटं, हो ना?" स्नेहा हसत म्हणाली.

"लिंबाचं असू दे. दुधाचं असू दे. शेवट खोटा." ती माझ्याकडे बघत होती. "काका, तुम्ही टेम्पोबरोबर गावात परत आलाच नाहीत. रायापूरहून येताना तुम्ही दोघं धारवाडलाच थांबलात. जिंकलात आणि घरी गेलात. टेम्पो पाराशी थांबला तेव्हा मी तिथं उभी होते. तुकाराम माझे अप्पा."

माझा हात मिशीकडं गेला.

"अज्जा कुठं पळाले नाहीत. पारावरच होते. सगळ्यांनी अप्पांना विचारलं, काय बघितलंस? अप्पांनी मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाले, तिथंही कोळसा हाय, हितंही हाय. दिवा देवळात पण जळतो, मसणात पण जळतो. अज्जांच्या खड्ड्यात मंत्र हाय, हिच्या खड्ड्यात करणी. टेम्पोतले बाकीचे अप्पांच्या तोंडाकडं बघत राहिले. एकानंही तोंड उघडलं नाही."

"पण त्यांनी स्वतः झाकण उघडलं होतं ना?" स्नेहा म्हणाली. "स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं."

"त्यांना कळलं नव्हतं असं समजू नकोस. कळलं होतं. म्हणूनच." अनितानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "त्या दिवशी आभाळ भरून आलेलं. आई म्हणत होती, बैल गोठ्यात घ्या. अप्पा म्हणाले, राहू दे, चिंचेखाली आडोसा हाय. दावं त्यांनीच बांधलं. मेधाताईंचं खरं मानायचं, तर बैल त्यांच्या गाठीनं गेले. अज्जांचं खरं मानायचं, तर वेणूबाईनं मारले. अप्पांनी काय मानावं?"

स्नेहा तिच्या जवळ सरकली.

"दुसऱ्या दिवशी अमावास्या. वेणूबाईला पाराशी आणलं. तांब्या अप्पांनी धरला होता. ती म्हणाली, तुकारामा, तुझ्या पोरीला मी अक्षरं गिरवायला बसवलंय रे. मग प्याली. ओकली. तर लोक म्हणाले, अजून पाज, सगळी करणी बाहेर येऊ दे. रात्रीपर्यंत तिला झटके यायला लागले. हुबळीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रक्तात एवढं मीठ कसं? सगळ्यांनी सांगितलं, ठाऊक न्हाई, अन्न बाधलं असेल. तिथंच गेली ती."

"तुम्हाला हे माहीत होतं, काका?" श्रीनिधीनं मला विचारलं.

"माहीत असणार," अनिताच म्हणाली. "मेधाताई नंतर येऊन गेल्या. पोलिसांत गेल्या, साहेबांना भेटल्या. साक्षीला एक माणूस उभा राहिला नाही. नवीन पट्टी आणून दिली त्यांनी, ती पंचायतीच्या खोलीत तशीच पडून आहे. भिंतीला लावायला कुणी हात घालत नाही. भाला तेवढा वर आहे, त्याला अमावास्येला कुंकू लावतात. वीज धरायला वर भाला, आणि तिला खाली जायला वाट नाही. ती आता भिंतीतून जाईल, वायरीतून जाईल, जो टेकून बसला असेल त्याच्यातून जाईल. ह्यापेक्षा भाला नसलेला बरा, असं मेधाताई म्हणाल्या. मी हे अप्पांना सांगितलं. ते उठून शेतावर गेले."

ती उठली, आणि बोलली ते आम्हा तिघांनाही.

"अज्जा लबाड आहे हे सांगायला अक्कल लागत नाही. ते त्या टेम्पोतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आपली चूक आपल्या डोळ्यांनी बघायची आणि पाराशी उभं राहून मोठ्यानं सांगायची, त्याला लागते. खड्डा उघडून भागत नाही, काका. उघडल्यावर जे दिसलं ते गावात येऊन बोलावं लागतं, आणि बोलून झाल्यावर निघून न जाता तिथं थांबावं लागतं. तुम्ही शेवट गोड केलात की ऐकणारा टाळ्या वाजवतो आणि झोपायला जातो. मग पट्टी लागली का, हे कुणी विचारत नाही. आज सुट्टी संपली. उद्या सकाळी त्या शाळेत पोरं बसणार आहेत."